मुलांनी दाद मागायची कुणाकडे?

समजा, द्रोणागिरी नोडमधल्या एका शाळेतल्या मुलांनी ठरवलं की शाळेच्या वाटेवर रांगेने उभे राहणारे कंटेनरचे ट्रेलर हटवायला लावायचे. फळ्यावर मसुदा झाला, सगळ्यांच्या सह्या झाल्या. आता अर्ज कुणाच्या नावे करायचा? नोडमधला रस्ता सिडकोचा. तो ज्या महामार्गाला जाऊन मिळतो तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. ट्रेलर ज्या बंदरासाठी धावतात ते जवाहरलाल नेहरू बंदर केंद्र सरकारच्या अखत्यारीत. पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे, तहसील उरणची, जिल्हा रायगड. शाळा जिल्हा परिषदेची असेल तर कागद अलिबागला जाणार. पत्त्यात ‘पनवेल’ लिहिलं तरी १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेची हद्द इथवर पोचत नाही. आणि सिडको ही काही निवडून आलेली संस्था नव्हे. तिचं संचालक मंडळ सरकार नेमतं. नगरसेवकाला रस्त्यात गाठून जाब विचारतात, तसा इथे विचारायला नगरसेवकच नाही.

मुलांच्या हक्कांवर आपल्याकडे भाषणं पुष्कळ होतात. मुलांनी संघटित व्हावं का, त्यांना तेवढी समज असते का, मागून कोण शिकवतं, यावर वाद रंगतात. माझ्या मते हा वाद शिळा झाला आहे. मुलं संघटित होतात, नेमकं मागतात, चिकाटीने मागतात, हे शंभर-सव्वाशे वर्षांत जगभर आणि आपल्या अंगणातही दिसून आलं आहे. त्यांना उत्तर देणं कुणावर बंधनकारक आहे, हा प्रश्न मात्र तसाच पडून आहे. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांतल्या घटना या एका प्रश्नाच्या उजेडात पाहिल्या तर चित्र बरंच वेगळं दिसतं.

सुरुवात पुण्यातून करावी लागेल. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. तिचं वय चौदाच्या आसपास. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध आज अभ्यासक्रमात, भाषणात, भित्तिपत्रकात सगळीकडे आहे. त्याचं कौतुक करताना एक गोष्ट मागे राहते. ही मुलगी दयेची याचना करत नव्हती. धर्म कुणाचा, ग्रंथ कुणाचे, असे थेट सवाल टाकत होती. तिच्यामागे संघटना नव्हती, पण शाळा होती, आणि छापणारं नियतकालिक होतं. उत्तर देणारं मात्र कुणी नव्हतं.

त्यानंतरच्या मुंबईत गिरण्यांमध्ये हजारो मुलं राबत होती. १८८१च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली, म्हणजे सात पूर्ण झालेलं मूल कायद्याने कामगार! सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तास. १८९१ साली किमान वय नऊवर गेलं, तास सातवर आले. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांचे अर्ज सरकारकडे नेले, पण या पोरांचा आवाज त्यांच्या नावाने कुठे नोंदलेला सापडत नाही. त्यांच्या वतीने बोलले ते मालक, डॉक्टर, इन्स्पेक्टर आणि लँकशायरचे कारखानदार. त्यातल्या प्रत्येकाचा आपापला मतलब होता.

मग स्वातंत्र्यलढा. वानरसेना, प्रभात फेऱ्या, पत्रकं वाटणारी शाळकरी पोरं. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता पडला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. या मुलांना आपण हुतात्मे म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण इथे आपल्या मनातली एक गाठ दिसते. देशासाठी पुढे आलेलं पंधरा वर्षांचं पोर आपल्याला वंदनीय वाटतं. तेच पोर स्वतःच्या शाळेच्या गळक्या छपरासाठी पुढे आलं की लगेच ‘लहान तोंडी मोठा घास’. मोठ्यांच्या लढ्यातलं मूल चालतं. मुलांच्या लढ्यातलं मूल खुपतं.

उरण तालुक्याला तर लढ्यांची सवय आहे. चिरनेरचा जंगल सत्याग्रह २५ सप्टेंबर १९३०चा. जासई-पागोट्याचं शेतकरी आंदोलन १६ आणि १७ जानेवारी १९८४चं, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यात पाच जण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्यातूनच आली. इथल्या घराघरात ‘साडेबारा टक्के’ हा शब्द अजून रोजच्या बोलण्यात आहे. पण त्या हिशेबात जमीन मोजली गेली, खातेदार मोजले गेले. खाडीत निवट्या पकडणारं, बांधावरून शाळेत जाणारं, खारात क्रिकेट खेळणारं पोर कुठल्याच खात्यात नव्हतं. सातबारावर त्याचं नाव नसतं, म्हणून त्याचं काही गेलं असं सरकारदरबारी धरलं जात नाही.

बाहेर पाहू. १८९९च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रं विकणाऱ्या पोरांनी संप केला. पुलित्झरच्या ‘वर्ल्ड’ने आणि हर्स्टच्या ‘जर्नल’ने शंभर अंकांचा घाऊक भाव पन्नास सेंटवरून साठ सेंट केला होता. पोरांनी दोन आठवडे हे अंक विकले नाहीत, खप कोसळला. भाव काही उतरला नाही, पण न विकलेले अंक परत घ्यायचं मालकांनी कबूल केलं. या संपाची गोष्ट रंगवून सांगतात ती पोरांच्या धिटाईसाठी. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. त्यांना दाद मागायला एक नेमका दरवाजा होता, आणि त्या दरवाज्याआडच्या माणसाचं रोज नुकसान होत होतं.

दिल्लीत १९९१ साली बटरफ्लाइज या संस्थेच्या साथीने रस्त्यावरच्या कामकरी मुलांनी बाल मजदूर युनियन काढली. नोंदणी नाकारली गेली. तेव्हाच्या १९२६च्या ट्रेड युनियन कायद्यानुसार पंधरा वर्षांखालच्या मुलाला सभासद होता येत नव्हतं आणि पदाधिकारी व्हायला अठरा पूर्ण लागत. म्हणजे दहा वर्षांचा पोऱ्या ढाब्यावर भांडी घासताना सगळ्यांना दिसतो, पण सभासद म्हणून कागदावर दिसू शकत नाही. बंगळूरमध्ये त्याच्या एक वर्ष आधी भीमा संघ उभा राहिला होता, ‘द कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रन’ या संस्थेच्या मदतीने. त्याचं पुढचं पाऊल किनाऱ्यावर, कुंदापूर तालुक्यात पडलं. पनवेलहून कोकण रेल्वेने थेट जाता येतं, तेच हे कुंदापूर.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सबंध विषयातला सगळ्यात कसदार प्रयोग हाच आहे. १९९५च्या सुमारास कुंदापूरच्या खेड्यांत मुलांच्या पंचायती, म्हणजे ‘मक्कळ पंचायत’, सुरू झाल्या. रीतसर निवडणूक, गुप्त मतदान, मुलींना, कामकरी मुलांना आणि अपंग मुलांना राखीव जागा. इतपत आपल्या शाळांतही होतं. वेगळेपण पुढे होतं. या पंचायतीला जोडून तालुका पातळीवर अधिकाऱ्यांचं एक कार्यदल होतं आणि मुलांनी मांडलेल्या प्रश्नाचं काय झालं हे त्यात सांगावं लागे. मुलंही नुसती तक्रार घेऊन येत नसत. पावसाळ्यात ओढ्यावरचा लाकडी साकव निसरडा होतो, तर गावात असे साकव किती, कुठल्यावरून किती मुलं जातात, याची मोजदाद करून नकाशासकट आणत. मोजलेल्या गोष्टीला ‘बघू’ म्हणणं अधिकाऱ्याला जड जातं. २००६ साली कर्नाटक सरकारने ग्रामपंचायतींना मुलांच्या खास ग्रामसभा घ्यायला सांगितलं, त्यामागे या प्रयोगाचं पाठबळ होतं. त्या ग्रामसभा सगळीकडे त्याच ताकदीने होतात असं नाही. सरकारी फर्मानाबरोबर कार्यदलाची चिकाटी काही आपोआप पोचत नाही.

१९९६ साली याच कुंदापुरात आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या कामकरी मुलांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथल्या दहा कलमी जाहीरनाम्याने मोठ्यांची पंचाईत केली. शिक्षण हवं, आरोग्य हवं, गावात रोजगार हवा म्हणजे शहराकडे पळावं लागणार नाही, हे सगळ्यांना पटणारं होतं. पण मुलांनी बनवलेल्या मालावर बहिष्कार टाकायला मुलांनी विरोध केला आणि कामाला मान मागितला. बालमजुरी संपवणाऱ्यांना हे रुचलं नाही. मलाही ते पूर्ण पटत नाही. बोलिव्हियाने २०१४ साली अशाच संघटनांच्या दबावाखाली काही अटींवर कामाचं वय दहावर आणलं आणि काही वर्षांतच ते मागे घ्यावं लागलं. पण मुलांचं म्हणणं आपल्याला हवं तेच निघालं तर ऐकायचं, नाहीतर ‘त्यांना कुणीतरी पढवलंय’ म्हणायचं, याला ऐकणं म्हणत नाहीत.

महाराष्ट्रात नर्मदेच्या खोऱ्यातल्या जीवनशाळांनी १९९०च्या दशकापासून विस्थापितांच्या मुलांना लढ्याच्या सोबतीने शिकवलं. ‘लडाई पढाई साथ साथ’ ही तिथली घोषणा. मुंबईत १९८४ पासून काम करणारी आणि खारघरला, म्हणजे पनवेल तालुक्यात, केंद्र असलेली युवा ही संस्था आहे. तिच्या साथीने वस्त्यांमधल्या मुलांनी बाल अधिकार संघर्ष संघटन उभं केलं. त्यांच्या मागण्या पाहिल्या की मोठ्यांच्या आणि मुलांच्या नजरेतला फरक कळतो. मोठे घर, पाणी, पट्टा म्हणतात. मुलं खेळायला जागा, शौचालयाच्या वाटेवर दिवा, दाराला कडी म्हणतात. कडी! कुठल्या विकास आराखड्यात कडी असते?

आणि मग दरेवाडी. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात भाम धरणामुळे उठलेली ही वस्ती. २०२२च्या ऑक्टोबरात तिथली शाळा बंद करून मुलांना दुसऱ्या शाळेत पाठवायचं ठरलं. कमी पटाच्या शाळांची माहिती राज्यभर गोळा होत होती, ते हेच दिवस. मुलं आईबापांबरोबर शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर धडकली. घोषणा होती, ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’. शाळा बंदच करायची तर आम्हाला शेळ्या द्या, त्या तरी राखू. चार शब्दांत शिक्षण हक्क कायद्याची अशी झाडाझडती एखाद्या परिसंवादातही झाली नसेल. मागे मोठ्यांची संघटना होती, हे उघड आहे. पण मोर्चाचं लक्ष्य अचूक होतं. शाळा जिल्हा परिषदेची, निर्णय जिल्हा परिषदेचा, शेळ्या जिल्हा परिषदेच्या दारात. शिक्षक मिळावा म्हणून पंचायत समितीच्या आवारात शाळा भरवण्याची जी रीत मराठवाड्या-विदर्भात रूढ झाली आहे, तिचंही बळ याच अचूकपणात आहे.

त्याच वर्षातल्या आणखी दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या सहावीतल्या एका मुलाने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं: पीक गेलंय, अनुदान द्या, म्हणजे सणाला घरी पोळ्या होतील. पत्र सगळीकडे फिरलं, सगळे हळहळले. आणि जुलै महिन्यात, आरे वाचवा आंदोलनात मुलं फलक घेऊन दिसली म्हणून राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने मुंबई पोलिसांना पत्र पाठवून आदित्य ठाकरे यांच्यावर गुन्हा नोंदवायला सांगितलं. एकट्या मुलाचं आर्जव गोड वाटतं, घोळक्याने उभी राहिलेली मुलं म्हणजे कुणीतरी केलेला गैरवापर. गैरवापर होतच नाही असं कोण म्हणेल? राजकीय सभांना ट्रकमधून आणलेली पोरं आपण पाहिली आहेत, आणि निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४मध्ये प्रचारात मुलांना वापरायला मनाई केली ती उगाच नव्हे. पण त्याच निवडणुकीआधी शाळांनी मतदान जागृतीच्या फेऱ्या काढल्या आणि आईवडील मतदान करतील अशी संकल्पपत्रं मुलांकरवी भरून घेतली. फलक कुणी लिहून दिला यावर सगळं ठरतं.

रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानायलाच तयार नाहीत: मुलांना वापरून घेणं, सजावटीला उभं करणं, नावापुरतं बोलावणं. आपल्याकडचा बालदिनाचा बहुतेक कार्यक्रम दुसऱ्या पायरीवरून वर सरकत नाही. बेलफास्टच्या लॉरा लंडी यांनी २००७ साली यात मोलाची भर घातली. बोलायला जागा आणि बोलण्याचं बळ पुरेसं नाही, ऐकायला बांधील असा श्रोता हवा आणि ऐकण्याचा निर्णयावर परिणाम दिसायला हवा, असं त्यांचं म्हणणं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेत बाराव्या कलमात मत मांडण्याचा आणि पंधराव्यात संघटना करण्याचा हक्क आहे. भारताने ती ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. आपल्या घटनेचं १९वं कलमही संघटनेचं स्वातंत्र्य ‘नागरिकांना’ देतं, वय सांगत नाही. व्यवहारात मात्र संस्था नोंदवायची, करार करायचा, तर अठरा लागतात. म्हणून मुलांची प्रत्येक संघटना कुठल्या तरी मोठ्यांच्या संस्थेच्या कडेवर बसूनच चालते, आणि संस्थेचा निधी आटला की खाली उतरते.

श्रोत्यांची तजवीज कागदोपत्री आहे. शाळा व्यवस्थापन समितीत दोन विद्यार्थी असतात. ग्राम बाल संरक्षण समितीत मुलांचे प्रतिनिधी असतात. सखी सावित्री समिती आहे, तक्रारपेटी आहे. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील अत्याचाराची घटना घडल्यावर सरकारला या समित्या आणि पेट्यांची आठवण शाळांना नव्याने करून द्यावी लागली, यावरून काय ते समजावं. शाळाशाळांत मंत्रिमंडळही असतं. मोबाइलवरच्या मतदान यंत्राने निवडणूक होते, शपथविधी होतो, पाणीमंत्री आणि स्वच्छतामंत्री नेमले जातात. पाणीमंत्र्याला टाकीचं झाकण बदलायला सांगता येतं का, हे एकदा विचारून पाहावं. पंचायत राजच्या शाश्वत विकासाच्या नऊ संकल्पनांमध्ये ‘बालस्नेही गाव’ ही एक आहे. बालसभेचं इतिवृत्त लिहिलं जातं, फोटो चढवला जातो. उत्तराचा रकाना त्यात नसतो.

द्रोणागिरीत हा रकाना आणखीच दुर्मीळ. इथल्या मुलांचे दोन थर आहेत. एक फुंडे, बोकडवीरा, डोंगरी, पाणजे, पागोटे या गावांतली, ज्यांच्या आजोबांनी जमीन दिली. दुसरी नव्या इमारतींमधली, ज्यांचे वडील गोदामात, बंदरात किंवा मुंबईत कामाला जातात. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत लोकल सुरू झाली आणि अटल सेतूही खुला झाला, तेव्हापासून दुसरा थर वाढतो आहे. दोघांच्या शाळा वेगळ्या, खेळ एकाच उरलेल्या मोकळ्या जागेवर. पाणजेची २८९ हेक्टर पाणथळ राखायची की तिथे नोडचे सेक्टर पाडायचे, यावर पर्यावरणवादी, मच्छीमार आणि सिडको यांच्यात वर्षानुवर्षं झगडा चालू आहे. भरतीचं पाणी अडवलं की पक्षी येत नाहीत आणि मासळीही मिळत नाही, हे तिथल्या पोराला कुठल्याही अहवालाआधी कळतं. त्याला विचारायला अजून कुणी गेलेलं नाही. बंदरासाठी उठवलेल्या शेवा गावच्या कोळ्यांचा हनुमान कोळीवाडा बघा. वाळवीने पोखरलेली घरं, पुनर्वसनाची मागणी, आणि चार दशकं. त्या मागणीच्या पहिल्या मोर्चात कडेवर असलेली मुलं आता स्वतःच्या पोरांना मोर्चाला नेतात.

हा काळाचा मुद्दा मोठ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. सहावीत मागितलेलं मैदान कॉलेजात गेल्यावर मिळालं, तर ज्याने मागितलं त्याला ते मिळालंच नाही. मुलांच्या संघटनेचे नेते दर तीन-चार वर्षांनी वयाने बाद होतात, आणि कार्यालयाला नुसतं थांबून राहिलं तरी पुरतं. ‘विचाराधीन आहे’ हे उत्तर शेतकऱ्याला त्रास देतं, मुलाला हरवतं. म्हणून मुलांच्या मागणीला उत्तराची मुदत हवी. बाकी सगळ्या समित्या नसल्या तरी चालतील.

अशी मुदत असलेला एक दरवाजा आजही आहे, आणि तो मुलांसाठी बांधलेला नाही. २००५चा माहिती अधिकार कायदा ‘नागरिक’ म्हणतो. वयाची अट घालत नाही. २०१२ साली लखनऊच्या दहा वर्षांच्या मुलीने गांधीजींना ‘राष्ट्रपिता’ ही पदवी कधी दिली, असं विचारलं, तेव्हा तिचा अर्ज पंतप्रधान कार्यालयातून गृह मंत्रालयात आणि तिथून राष्ट्रीय अभिलेखागारात गेला आणि असा कागद नाही, असं लेखी उत्तर तिला मिळालं. महाराष्ट्रात या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. न दिल्यास अपील आहे, आणि दिरंगाईबद्दल माहिती अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये दंडही होऊ शकतो. द्रोणागिरीच्या मुलांनी पहिला अर्ज सिडकोच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा: आमच्या सेक्टरच्या मंजूर आराखड्यात खेळाचं मैदान म्हणून कुठला भूखंड आहे, त्याचं क्षेत्रफळ किती, आणि तो आज कुणाच्या ताब्यात आहे.